चार कोपऱ्यांचं गणित



दहावीचा निकाल लागला की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोराला गणित जमत नाही ना? मग टाका आयटीआयला!" तुमच्या दादाच्या किंवा ताईच्या बाबतीतही कुणीतरी पारावर, एसटीत नाहीतर लग्नाच्या मांडवात हे बोललं असेल. जणू आयटीआय म्हणजे गणितापासून पळून जायची मागची वाट!

आता एक काम करा. दादाच्या दप्तरातली पुस्तकं जरा काढून पाहा. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स' नावाचा विषय असतो. त्यात अपूर्णांक, वर्गमूळ, गुणोत्तर, शेकडेवारी, क्षेत्रफळ, घनफळ, त्रिकोणमिती आणि खर्चाचा अंदाज असं सगळं आहे. म्हणजे गणित सुटलं नाही. उलट ते आता लोखंडावर, तारेवर आणि मातीवर करायचं आहे. वहीतलं उत्तर चुकलं तर बाई लाल शाईने फुली मारतात. मातीवरचं उत्तर चुकलं तर कुणाचे तरी पैसे जातात, नाहीतर कुणाचं तरी पाणी जातं.

पटत नाही? चला तर मग, आज आपण शेतात जाऊ.

शेततळ्यात पाणी मावतं किती?

आपल्याकडे पाऊस कमी. जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि तोही कधी जूनमध्ये दडी मारतो, कधी ऑगस्टमध्ये. म्हणून पडलेलं पाणी अडवून ठेवावं, यासाठी सरकार योजना आखतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. शेतकऱ्याने अर्ज करायचा, तळं खोदायचं आणि जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान घ्यायचं. पुढे २०२२ साली वैयक्तिक शेततळं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आलं आणि ही मर्यादा ७५ हजारांवर गेली.

२०१६ च्या योजनेतलं सगळ्यात मोठं माप होतं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. आता सांगा, या तळ्यात पाणी किती मावेल?

"सोप्पंय बाई! लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर!"

थांबा, थांबा. शेततळ्याच्या कडा विहिरीसारख्या उभ्या नसतात. मातीची उभी भिंत पावसात ढासळते, म्हणून बाजूंना उतार देतात. एक मीटर खाली गेलं की एक मीटर आत यायचं. याला म्हणतात १:१ उतार. तीन मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजूने तीन मीटर आत. म्हणून वर तळं ३० × ३० असलं तरी तळाशी ते २४ × २४ एवढंच उरतं.

मग दुसरा हुशार विद्यार्थी म्हणेल, "वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६. दोन्हींची सरासरी ७३८. गुणिले ३, म्हणजे २,२१४."

हे बरंच जवळचं आहे. पण शासनाच्या तक्त्यात या मापाच्या तळ्यापुढे आकडा छापलेला असतो २,१९६ घनमीटर. तो कुठून आला? तंत्रनिकेतनातली ताई म्हणेल, "प्रिझमॉइडल सूत्राने." वरचं क्षेत्रफळ, मधल्या पातळीच्या क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचं क्षेत्रफळ यांची बेरीज करायची, सहाने भागायचं आणि खोलीने गुणायचं. मधे तळं २७ × २७ असतं, म्हणजे ७२९. ९०० + २,९१६ + ५७६ = ४,३९२. भागिले ६ म्हणजे ७३२. गुणिले ३ म्हणजे २,१९६.

आता ताईला विचारा, "पण चौपटच का? आणि सहानेच का भागायचं?" पुष्कळ ताया-दादा इथे गप्प होतात. सूत्र पाठ आहे, पण त्यामागचं चित्र डोळ्यांपुढे नाही. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांची खरी अडचण हीच आहे. आकडेमोड तर कॅल्क्युलेटरही करतो. आपण नेमकं काय मोजतोय ते दिसायला हवं.

तळ्याचे नऊ तुकडे

आपण सूत्राशिवायच जाऊ. हे पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमतं, बरं का!

मनातल्या मनात तळ्यातल्या पाण्याचे सुरीने नऊ तुकडे करा.

पहिला तुकडा मधला खोका. तळ २४ × २४ आणि उंची ३. त्याचं घनफळ २४ × २४ × ३ = १,७२८.

मग चार बाजूंच्या चार पाचरी. लाकूड फोडताना वापरतात तशी पाचर. तिची कड पाहिली तर ३ बाय ३ च्या चौकोनाचा तिरका अर्धा भाग, म्हणजे साडेचार चौरस मीटर. लांबी २४. एका पाचरीचं घनफळ १०८ आणि चारींचं ४३२.

राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात एक सुळका बसतो. वरून ३ × ३ चा चौकोन आणि खाली निमुळता होत एका टोकाला मिळालेला. गंमत म्हणजे असे तीन सारखे सुळके नीट जुळवले की बरोबर ३ × ३ × ३ चा एक घन तयार होतो! पुठ्ठ्याचे करून बघा. घन २७ चा, म्हणून एक सुळका ९ चा. चार सुळके ३६ चे.

करा बेरीज. १,७२८ + ४३२ + ३६ = २,१९६.

आला की नाही तोच आकडा? सरासरी काढणारा कुठे चुकला तेही आता दिसतं. त्याने प्रत्येक कोपरा अर्धा घन धरला, म्हणजे साडेतेरा. खरा कोपरा असतो घनाचा एक तृतीयांश, म्हणजे ९. प्रत्येक कोपऱ्यात साडेचार जास्त, चार कोपऱ्यांत १८ जास्त. २,२१४ वजा १८ म्हणजे २,१९६. सगळी भानगड त्या चार कोपऱ्यांची!

यातून एक युक्ती शिकून ठेवा. ही दादालाही सांगा. कुठलंही गणित सोडवण्याआधी वरची हद्द आणि खालची हद्द ठरवायची. आपलं तळं २,७०० च्या मोठ्या खोक्यात बसतं, आणि त्याच्या पोटात १,७२८ चा खोका बसतो. म्हणजे उत्तर या दोन्हींच्या मधेच हवं. कॅल्क्युलेटरने २१,९६० दाखवलं तर समजायचं की बोट चुकून शून्यावर पडलं. आधी अंदाज, मग आकडा!

अंगणातलं तळं

आता हेच प्रत्यक्ष करू. अंगणातल्या ओल्या मातीत ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर खोल असं छोटं तळं कोरा. कडांना उतार द्या, तळ २४ सेंटिमीटरचा ठेवा. वर जुन्या प्लॅस्टिकचा तुकडा नीट चापून बसवा आणि एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजत ओता. दोन बाटल्या पूर्ण आणि वर साधारण कपभर पाणी मावेल. कारण याचं घनफळ आहे २,१९६ घनसेंटिमीटर, म्हणजे २ लिटर १९६ मिलिलिटर.

हे तळं खऱ्या तळ्याच्या शंभरपट लहान आहे. मग खऱ्या तळ्यात शंभरपट पाणी मावेल का? म्हणजे २२० लिटर, एका टिपाडाएवढं? छे! लांबी शंभरपट, रुंदी शंभरपट आणि खोलीही शंभरपट. १०० × १०० × १०० म्हणजे दहा लाखपट. खऱ्या तळ्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं.

एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर हे सगळ्यांना येतं. पण एक घनमीटर म्हणजे दहा लाख घनसेंटिमीटर, म्हणजेच १,००० लिटर, हे विचारलं की मोठेमोठे अडखळतात. मापाचं एकक बदलताना लांबीचा नियम घनफळाला लावणं ही नेहमीची चूक आहे. अंगणातलं तळं एकदा केलं की ती होत नाही.

आणि हो, एक गोष्ट नीट ऐका. खऱ्या शेततळ्याच्या काठावर मोठ्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही. प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आपलं तळं अंगणातच बरं!

माप, मजुरी आणि प्लॅस्टिक

आपल्याकडे माती-मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. आपल्या तळ्याची माती भरते ७७५ ब्रासच्या आसपास. २,७०० चा हिशेब धरला असता तर ती ९५० ब्रासच्या पुढे गेली असती. पावणेदोनशे ब्रास माती कुणी खोदलीच नाही, पण बिल मात्र झालं! किंवा उलटं, मजुराने खोदली आणि मापात आलीच नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात रोजगार हमीची कामं निघाली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांपैकी कितीजण त्या कामांवर गेले होते. तिथे मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत आली. टेप धरणाऱ्याला गणित येतं की नाही, यावर आजीच्या हातात पडणारे पैसे अवलंबून होते.

आता प्लॅस्टिक. तळं ३० × ३० चं, म्हणून ३० × ३० चा कागद आणला तर? कमी पडेल! उताराची लांबी वेगळी असते. ३ मीटर आडवं, ३ मीटर खाली, मग तिरकस किती? इथे येतो पायथागोरस. ९ अधिक ९ बरोबर १८, आणि १८ चं वर्गमूळ ४.२४. म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ४.२४ + २४ + ४.२४ = ३२.४८ मीटर. शिवाय कडा मातीत गाडायला वेगळं प्लॅस्टिक लागेल. "पायथागोरस शिकून कुणाचं भलं झालं?" असं विचारणाऱ्याला हा अडीच मीटरचा फरक दाखवा.

योजनेचंही गणित असतं

इथवर एका तळ्याचा हिशेब झाला. आता जरा मोठा प्रश्न. तळं भरणार कशाने?

तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊस मोजू. ९०० चौरस मीटरवर ६५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ५८५ घनमीटर. तळं मावतं २,१९६ चं. म्हणजे चौथा हिस्साच भरला. बाकीचं पाणी आजूबाजूच्या रानातून वाहत यायला हवं. तळ्याची जागा योग्य असेल, वरून ओघळ येत असेल, तर ते येतं. मग पावसाने ओढ दिली की त्यातून पिकाला एक-दोन पाणी देता येतं आणि हातचं पीक वाचतं. योजनेचा हेतू हाच.

पण जागा चुकली तर? मग काही ठिकाणी बोअर चालू करून तळं भरलं जातं. जमिनीच्या पोटातलं सगळ्या गावाचं पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं! आपल्याकडे कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने उतरू शकते. आठ धरा. ९०० चौरस मीटरवर रोज ७,२०० लिटर पाणी हवेत उडून जातं. दोन महिन्यांत चार लाख लिटरच्या वर, म्हणजे भरलेल्या तळ्याचा जवळपास पाचवा भाग. त्यातून ना पीक पिकतं, ना जनावराची तहान भागते.

तळं तेच, योजना तीच आणि अनुदानही तेच. एका शेतात ती पाणी वाचवते, दुसऱ्या शेतात उडवते. दोन्हींत फरक कशाचा? खोदण्यापूर्वी कुणीतरी पाटीवर चार ओळींचं गणित केलं की नाही, याचा.

डिसेंबर २०१४ मध्ये 'जलयुक्त शिवार अभियान' सुरू झालं. नाले खोल केले, बंधारे बांधले, गाळ काढला. सप्टेंबर २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३ कोटींहून जास्त खर्च झाला, पण गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच वादावादी झाली. ती मोठ्या माणसांची. आपण एवढंच लक्षात घेऊ की किती मीटर खोदलं हे मोजणं सोपं असतं. किती पाणी आलं, किती गेलं आणि किती उरलं हे मोजणं अवघड असतं. गावाला प्यायला लागतं ते उरलेलं पाणी.

गावाची जमाखर्चाची वही

त्यासाठी 'पाण्याचा ताळेबंद' काढतात. आई घरखर्चाची वही ठेवते ना, तसाच.

समजा, एका गावाचं शिवार ५०० हेक्टर आहे आणि लोकवस्ती १,००० ची. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर गावावर पडलेलं पाणी होतं ३२ लाख ५० हजार घनमीटर, म्हणजे ३२५ कोटी लिटर. ही झाली जमा.

आता खर्च. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. १,००० माणसं, ३६५ दिवस. वर्षाला लागतात दोन कोटी लिटर. ३२५ मधले दोन! शंभरातला एक भागही नाही. मग उन्हाळ्यात टँकर का येतो?

कारण बरंचसं पाणी वाहून जातं, बरंचसं उडून जातं आणि उरलेल्यातलं बहुतेक पिकं पितात. उसाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. त्यातून पावसाचे ६५० वजा केले तरी १,३५० उरतात, आणि ते विहिरीतून, बोअरमधून नाहीतर धरणातून आणावे लागतात. एका एकराला हे झाले सुमारे ५४ लाख ६० हजार लिटर. भागाकार करून बघा. १,००० माणसांच्या गावाचं वर्षाचं घरगुती पाणी पावणेचार एकर उसात संपतं. ठिबक केलं तर पाणी कमी लागतं. ऊस लावावा की नाही हे शेतकऱ्याने ठरवायचं. पण ठरवण्याआधी हा आकडा त्याच्या समोर असायला हवा, आणि तो आकडा मांडणारं कुणीतरी गावात हवं.

एप्रिल २०१६ आठवतो का? तुम्हाला नाही, आईबाबांना आठवेल. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. लातूर शहराला त्याचं पाणी जातं. ते कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणलं. आपल्या एका शेततळ्यात मावतं त्याच्या चौथा हिस्साही नाही. तेव्हा पाण्याला काय किंमत असते ते अख्ख्या देशाने पाहिलं.

वर्तमानपत्रात धरणाच्या बातम्या येतात तेव्हा अजून एक गंमत पाहा. शेततळं, बंधारा यांचं पाणी 'टीसीएम'मध्ये मोजतात, म्हणजे हजार घनमीटर. मोठ्या धरणांचं 'टीएमसी'मध्ये, म्हणजे अब्ज घनफूट. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. पण एक टीएमसी म्हणजे तब्बल २८,३१७ टीसीएम! दोन अक्षरांची अदलाबदल झाली की हिशेबात अख्खं धरण इकडचं तिकडे.

दादा-ताईंनो, तुमच्यासाठी

हा अंक तुमच्या धाकट्या भावंडांचा असला तरी तुम्हीही तो चोरून वाचता, हे मला ठाऊक आहे!

२०१६ मध्ये राज्यात 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू झालं. आसपासच्या गावांचे प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनांनी अभ्यासावेत, विद्यार्थ्यांनी पाणी, ऊर्जा, रस्ते यांची प्रत्यक्ष मोजणी करावी, अशी त्यामागची कल्पना. आपला जिल्हा ज्या 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा'त आला, त्यातही गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली. म्हणजे पर्यावरणाचं धोरण मुंबईत लिहिलं तरी त्याचा हिशेब गावात होतो, आणि तो करायला तुमच्यासारखे हात लागतात.

सौर पंपाचंच बघा. २०१९ मध्ये केंद्राने 'पीएम-कुसुम' योजना मंजूर केली आणि शेतात सौर पट्ट्या दिसू लागल्या. पट्टी किती तिरकी बसवायची? साधारण आपल्या अक्षांशाएवढी, तोंड दक्षिणेला. बीड आहे १९ अंशांजवळ. १९ अंशाचा टॅन्जंट ०.३४. म्हणजे पायाला एक मीटर असेल तर मागची बाजू ३४ सेंटिमीटर उचलायची. त्रिकोणमितीतली ही एक ओळ ज्या वायरमनला समजली, त्याला ती कुठल्याही शेतात वापरता येते. ज्याने नुसती पाठ केली, तो पेपर संपला की विसरतो.

म्हणून सूत्र पाठ करण्याआधी त्याचं चित्र काढा. मातीत करून बघा. आधी अंदाज सांगा. आणि 'गणित जमत नाही म्हणून इकडे आलो' असं स्वतःबद्दल कधी म्हणू नका. गावाचं पाणी मोजणारा माणूस कच्च्या गणिताचा असून चालत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, मी प्राथमिक शाळेत शिकवते. आयटीआयला गेलेल्या मुलाला घनफळ अडतं, तेव्हा त्याचं मूळ पुष्कळदा चौथी-पाचवीत सापडतं. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला फरक, अपूर्णांक, दशांश चिन्ह. तिथली एक वीट निसटली की पुढची भिंत हलत राहते.

आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सोबत गेलेल्या लेकरांचं दुसरं सत्र बुडतं, आणि बुडालेला अपूर्णांक आपोआप परत येत नाही. म्हणून जमेल तिथे मुलांना हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ गावातच ठेवा. परत आलेल्या मुलाला 'तुझं राहिलं' असं न म्हणता मातीचं तळं कोरायला बसवा. आणि मुलींनाही टेप धरू द्या. सर्वेअर, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड मुलींचेही आहेत. घरात पाण्याची मोजदाद तशीही त्याच करतात. घागरी किती भरल्या आणि किती उरल्या, हे त्यांना न विचारता ठाऊक असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१) योजनेतलं लहान शेततळं १५ × १५ × ३ मीटरचं होतं, उतार तोच. नऊ तुकडे करून त्याचं घनफळ काढा. वरचं क्षेत्रफळ मोठ्या तळ्याच्या बरोबर पाव आहे. मग पाणीही पाव मावतं का? नसेल तर का नाही?

२) तुमच्या घराच्या छताची लांबी-रुंदी मोजा. २० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर किती लिटर पाणी पडेल? सोपी किल्ली देते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर.

३) सरळ कडांचं एक पातेलं पाण्याने भरून उन्हात ठेवा. पट्टीने आज आणि उद्या याच वेळी पातळी मोजा. वर बारीक जाळी टाका, नाहीतर कावळेदादा तुमचं गणित पिऊन जातील!

उत्तरं पुढच्या अंकात. तिसऱ्याचं उत्तर मात्र मी छापणार नाही. ते प्रत्येकाच्या अंगणात वेगळं येईल. वहीत तारीख टाकून लिहून ठेवा.

तुमच्या
बाई